मालक कोण दाखवते?

केनवडला गावठाण संपून मळे सुरू होतात, तिथं हिरव्या जाळीची एक रोपवाटिका आहे. वांगी, टमाटे, मिरची, कोबी, जे म्हणाल ते रोप ट्रेमध्ये तयार मिळतं. ती हरीओमची. म्हणजे होती. चार महिन्यांपूर्वी ट्रॉलीनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं आणि माणूस जागेवर गेला. आता त्याची बायको साधना चालवते. लोक म्हणतात, बाई मोठी खंबीर. खंबीर कसली डोंबलाची! तिला काही वाटतच नव्हतं. तेरवीला वाटलं नाही, त्यानंतरही नाही. ट्रेला पाणी द्यायचं, रोपं द्यायची, भाकरी थापायच्या, त्यातली अर्धी खायची आणि निजायचं. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल होतो ना, तशी अख्खी बाई झाली होती.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला लॅपटॉप कटकट वाजू लागला. जुनं धूड ते. विंडोज पेलवत नव्हतं, म्हणून रिठदच्या धम्मरत्ननं त्यात लिनक्स टाकून नवरा-बायकोची वेगवेगळी खाती करून दिली होती. धम्मरत्न हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवतो, हरीओमचा दोस्त. साधनानं त्याला फोन लावून आवाज ऐकवला. तो म्हणाला, हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजून राह्यली वहिनी, बंद करू नका, कामाचं असेल ते आत्ताच बाहेरच्या ड्राइव्हवर काढा.

कामाचं एकच होतं. हरीओमला लिहिण्याचा भारी कंटाळा. रोज सकाळी जाळीत फिरता फिरता तो फोनवर मिनिटभर बोलायचा, कोणत्या ट्रेत काय पेरलं, किती उगवलं. ते आवाज लगेच लॅपटॉपवर घ्यायचा आणि महिना भरला की ड्राइव्हवर. शेवटच्या महिन्याचे अकरा आवाज ड्राइव्हवर जायचे राहिले होते. फोनचा तर अपघातातच चुरा झाला. म्हणजे त्या माणसाच्या शेवटच्या अकरा सकाळी या कटकटणाऱ्या डबड्यात होत्या, दुसरीकडं कुठंच नाही. साधनानं त्यातला एकही ऐकला नव्हता. पण जाऊही द्यायचे नव्हते, एवढं तिला कळत होतं.

तिनं फोन स्पीकरवर ठेवला. बाजूला तिची सासू मनकर्णाबाई शेंगा फोडत बसली होती. ड्राइव्ह लावला, तर स्क्रीनवर काही येईचना. धम्मरत्नची शाळाच सुरू झाली. हे टाइप करा, ते टाइप करा, काय आलं वाचा. ड्राइव्ह दिसत होता, पण माउंट होत नव्हता. म्हणजे खोलीला कुलूप नाही आणि दार मात्र उघडत नाही. धम्मरत्न म्हणाला, मागच्या वेळी खसकन ओढला असंल. असंल काय, ओढलाच होता! त्या घरात मिक्सरची पिन काय, मोटरची वायर काय, सगळं तण उपटल्यासारखं ओढतात. ड्राइव्हची डागडुजी करायची एक कमांड त्यानं सांगितली, पाच मिनिटं आकडे धावले आणि दार उघडलं. साधनानं अकरा फाइली उचलून आत टाकल्या. लॅपटॉप म्हणाला, परवानगी नाही.

धम्मरत्ननं आणखी एक ओळ टाइप करायला लावली आणि विचारलं, "आता सांगा वहिनी, मालक कोण दाखवते?"

डिस्क कटकटत होती.

"मालक नाहीत ना आता, भाऊ," ती म्हणाली.

त्या घरात नवऱ्याला मालकच म्हणतात. मनकर्णाबाई सासऱ्यांना तेच म्हणायच्या आणि साधनाही हरीओमला तेच म्हणायची. फोनवर धम्मरत्नला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचरत त्यानं समजावलं, तसं नाही वहिनी, फाइलीचा मालक, तिसऱ्या रकान्यात नाव असते, तेवढं वाचा.

तेवढंच तर अवघड होतं. लग्नातला उखाणा सोडला, तर चौदा वर्षांत तिनं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. दवाखान्यातसुद्धा तिनं आधार कार्डच पुढं केलं होतं.

"हरीओम," ती म्हणाली.

मनकर्णाबाईंचा हात शेंगांत थांबला. बाकी काही झालं नाही. चौदा वर्षं जपलेलं नाव एका रकान्यापायी खर्ची पडलं, आणि तिला त्याचंही काही वाटलं नाही.

धम्मरत्न म्हणाला, आता सोपं आहे. ड्राइव्ह त्याच्या नावावर, म्हणून तुमाले वाचता येते, लिवता येत नाही. अख्ख्या ड्राइव्हचा मालक बदलून टाकू. एकेक अक्षर सांगत त्यानं कमांड लिहून घेतली, मधे साधनाचं नाव. मग म्हणाला, मारा एंटर.

तिनं मारलं नाही. सातबाऱ्यावर नाव चढवताना, गॅसच्या कार्डावर चढवताना तिनं मुकाट सह्या केल्या होत्या. इथं मात्र बोट खाली जाईना, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिला चक्क राग आला.

"नाही भाऊ. त्यायचं राहू द्या त्यायच्या नावानं. मले माया पुरती जागा करून द्या."

धम्मरत्ननं हुज्जत घातली नाही. ड्राइव्हमध्येच एक नवा फोल्डर करून घेतला आणि तेवढ्याच फोल्डरचा मालक बदलला. फाइली जाऊ लागल्या. दहा गेल्या. अकरावी अर्ध्यात अडली. कटकट, कटकट, मग नुसती घरघर. हात लावू नका, धम्मरत्न म्हणाला. साधनानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. कितीतरी वेळानं पट्टी भरली. तो म्हणाला, नुसती कॉपी झाली म्हणून भागत नाही, ड्राइव्हवरून वाजवून पाहा.

तिनं शेवटची लावली. हरीओमचा आवाज आला. मिरची, बाविसावा ट्रे, उगवण बरी आहे, पाणी जरा कमी देणं. एवढ्यात मागून एका बाईचा खणखणीत आवाज घुसला, "चा थंडा होऊन राह्यला अन् तुमी मिरचीसंग काय गप्पा हाणता? भाकर टाकून देते का थे तुमाले?" आणि मग ती बाई हसली. मोठ्यानं, खुशाल, दम लागेस्तोवर. आलो, आलो, म्हणत त्यानं रेकॉर्डिंग बंद केलं.

साधनानं सासूकडं पाहिलं. "कोण होय ही? कामावरची का?"

मनकर्णाबाईंनी सूप बाजूला सारलं. "तूच होय ना माय," त्या म्हणाल्या. "अशीच तर बोलत होती तू."

साधनानं ते परत लावलं. नवऱ्यासाठी तिला चार महिन्यांत रडू आलं नव्हतं. त्या हसणाऱ्या बाईसाठी आलं, आणि आलं ते थांबेचना.

"वहिनी?" फोनमधून धम्मरत्न विचारत होता. "वाजलं का?"

मनकर्णाबाईंनी फोन जवळ ओढला.

"वाजलं बाबा," त्या म्हणाल्या. "ठेव आता."