अकराव्या मजल्यावरचे साहेब

"मंदी नाही, असं तुम्ही छातीठोक सांगितलंत, साहेब. खोटं सांगितलंत!"

लिफ्टवालीने हे मनात शंभरदा घोकलं होतं. आज अर्धवट इमारतीला लागून चढणारा तिचा मालवाहू पिंजरा अकराव्या मजल्यावर थांबला, कोरं हेल्मेट घातलेले बांधकाम कंपनीचे मोठे साहेब इंजिनिअर आणि फोटोवाल्याला घेऊन स्लॅबवर उतरले आणि मागून तिने ते वाक्य त्यांच्या अंगावर फेकलं.

तिचा नवरा सळया बांधायचा. धरणाचं काम दारी चालून आलं होतं, पण साहेबांचं भाषण ऐकून तो म्हणाला, "एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल? बांधकाम उठणार. थांबू." सहा महिने थांबला. धरणावर दुसरे चिकटले. आता उद्या तो समुद्रापलीकडे निघाला होता, तीन वर्षांसाठी. धाकटी मुलगी रांगती होती. बाप परत येईल तेव्हा अनोळखी समजून दाराआड लपेल.

आणि खाली साहेबांच्या फोटोपुरता काँक्रीटचा मिक्सर फिरवत ठेवला होता. आत खडीचा दाणा नाही, हे साइटवरच्या कुत्र्यालाही आवाजावरून कळत होतं.

तिने पिंजऱ्याची चावी काढून ब्लाउजमध्ये टाकली.

"वहिनी, डोकं फिरलं का?" इंजिनिअर पांढराफटक पडला. "चावी द्या."

"तुम्हीच पाटी लावलीत ना, भाऊजी? चावी लिफ्टवालीशिवाय कुणाच्या हाती जाता कामा नये. नियम म्हणजे नियम."

"आम्ही जिन्याने जाऊ," साहेब गुरकावले.

"खुशाल जा. जिना नवव्यापर्यंतच आहे. मधले दोन मजले उड्या मारा. काम जोरात चाललंय ना!"

फोटोवाला फस्सकन हसला, मग खोकल्याचं सोंग घेतलं. साहेबांनी कडेला जाऊन खाली डोकावलं आणि झटकन मागे सरकले. ते बघून तिच्या काळजाला गारवा मिळाला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच.

"हे बघा बाई," साहेबांचा आवाज मऊ झाला, "धंद्यात चढउतार व्हायचेच..."

"चढउतार मला नका शिकवू. दिवसाला चाळीस वेळा करत होते मी, काम होतं तेव्हा." ती पिंजऱ्याच्या दारात पाय रोवून उभी राहिली. "भाषण नको. तारीख सांगा. इथलं काम कोणत्या दिवशी सुरू होणार? नवऱ्याची गाडी सकाळी सहाला आहे. त्याला थांबवू की जाऊ देऊ? बोला!"