मामाचा फेरा

माझ्या सोमीच्या लग्नाला माझा धाकटा भाऊ सहदेव आला, तर अख्खी वाडी मांडव सोडून त्याला बघायला धावली. अगो बाय, काय अंग ते! इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. शहाडच्या बाजूला नवा कारखाना निघालेला आणि त्याच्या गेटवर सहदेव रखवालदार लागलेला. आम्ही आंबिवलीच्या डोंगरातली ठाकरं. आमच्याकडं जाडा माणूस म्हणजे सावकार, नायतर जंगलखात्याचा साहेब. आणि हा तर आमचाच! बाया त्याच्या पोटाला हात लावून बघत होत्या.

"खातोस तरी काय रे?" वाडीच्या म्होरक्यानं, राघोबाबानं विचारलं.

"दोन्ही वेळा पांढरा भात. वर साखरेचा चहा, मागाल तेवढा. आणि दिवसभर बसून काम."

"नाचणी? कंद?"

"ते कोण खातंय आता!" सहदेव हसला. माझीही छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

आमच्यात मामा नवरीला खांद्यावर घेऊन मांडवाभोवती नाचवतो. फेरा अर्धा राहिला तर पोरीचा संसार मोडतो म्हणतात. ढोल वाजला. सहदेवानं सोमीला उचललं, थोडा नाचला आणि थांबला. घामानं निथळला, अंग थरथरायला लागलं, डोळे फिरले.

"देव आला रे अंगात!" राघोबाबा ओरडला. सगळे भराभर पाया पडायला लागले. कुणी नारळ फोडला.

वरून सोमी किंचाळली, "आये, देव नाय गो! मामाला धाप लागलीय! उतरव मला!"

"उठा मेल्यांनो, हवा येऊ द्या त्याला!" म्हणत मी घुसले आणि सोमीला खाली उतरवलं. त्याला खांबाशी बसवलं, पाणी पाजलं आणि पोरीला माझ्या खांद्यावर घेतलं.

"बाईनं नाचवायचं नसतं," राघोबाबा म्हणाला.

"मग ये, तू नाचव!"

तो मागं सरला. रोज लाकडाची मोळी घेऊन मी कल्याणचा बाजार गाठते, सोमीचं ओझं ते काय! नाचले, फेरा पुरा केला. ढोलवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला.

सहदेवाचा श्वास आता थाऱ्यावर आला होता, पण डोळे वाहत होते.

"ताय, तू नुसती हाडं. मी एवढा खातो, एवढा भरलो, मग माझा जोर कुठं गेला गो?"

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पोरीची पाठवणी सोडून तिथंच रडत बसले.