मिलिटरीच्या जीपचं पायडल

सहा दिवस झाले होते, आम्ही नवराबायको एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

कारंज्याले हायवेच्या कडेले आमचं गॅरेज हाये. आर्वीच्या रूपरावजींनी तिथं आपल्या बापाच्या वेळची, लिलावात घेतलेली मिलिटरीची जीप आणून टाकली होती. पोराची वरात तिच्यातून काढाची होती. ब्रेकच्या सगळ्या नळ्या सडलेल्या. "वहिनीबी काम करतेत का?" असं त्याईनं सहज इचारलं, अन् मोनालीचे बाबा, म्हणजे आमचे हे, हसत म्हणाले, "ती काय करते! फक्त पायडलवर पाय ठेवते."

असं का! ब्रेकची हवा काढाले दोन माणसं लागतेत. एक खाली चाकापाशी नट ढिला करते, दुसरं वर बसून पायडल दाबते. बारा वर्षं ते दुसरं माणूस मीच हाये. नळीत हवा उरली का तेल गळून राह्यलं, हे माह्या तळपायाले समजते. अन् गिऱ्हाइकासमोर म्हणे फक्त पाय ठेवते! अशी भडकली ना मी! त्या दिवसापासून अबोला धरला. त्याईनंबी धरला. "मोनू, तुह्या बापाले सांग, जेवण वाढलं," असं चालू होतं. पोरगी अकरा वर्षांची, बिचारी टपाल वाहून थकली.

सातव्या दिवशी सकाळी नव्या नळ्या बसल्या. हवा काढाची होती अन् बोलाचं तं नव्हतं. मंग त्याईनं पान्यानं चाकावर ठोकून इशारे केले. एक ठोका म्हणजे दाब, दोन म्हणजे सोड. तीन चाकं नीट झाली. चौथ्याचा नट आवळला, तरी माह्या पायाखालचं पायडल थांबलं नाई. दाबून धरलं तं सावकाश खाली बसत गेलं. म्हणजे कुठंतरी तेल जाऊन राह्यलं होतं. तोंडबी उघडलं होतं मी. मंग मनात आलं, काऊन सांगू? मी तं फक्त पाय ठेवते ना! आवारात चालवून पाहतीनच, तवा समजन त्याईचं त्याईले.

दोन ठोके पडले. मी पाय काढला अन् भाकरी टाकाले घरात गेली.

तवा तापला नाई तं जीप सुरू झाल्याचा आवाज आला. "आई, मी जीपीत चालली आर्वीले!" मोनाली ओरडली. मी पिठाच्या हातानं बाहेर पळाली, पण जीप हायवेले लागलीबी होती. ती उभी होती त्या जागी, मागचं चाक होतं तिथं, तळहाताएवढं ओलं. बोट लावून वास घेतला. ब्रेकचं तेल.

जुन्या जीपीत चारही चाकाईचे ब्रेक एकाच नळीवर असतेत. एका जागी तेल गेलं का चारही गेले. अन् आर्वीले जाताना तळेगावचा घाट उतरा लागते.

त्याईले फोन लावला तं तो गॅरेजातच, फडक्याखाली वाजला. मी स्कूटी काढली. रस्त्यानं बुद्धं सरणं म्हणत होती अन् पुढचं आठवेना. रोज संध्याकाळी म्हणतो आम्ही घरी! दिसणारी हरेक गाडी मले जीपच वाटे. माह्या पोरीले काई झालं तं मी कोणाले तोंड दाखवू? सांगू काय, का मले माईत होतं अन् मी रुसली होती?

घाटात ट्रकाईची लाईन लागली होती. एक ट्रकवाला खाली उतरून उभा होता. "काय झालं, भाऊ?" मी इचारलं.

"जीप ठुकली समोर, बाई."

स्कूटी तिथंच टाकून मी पळाली. जीप डोंगराच्या बाजूच्या मातीत तोंड खुपसून रस्त्यात आडवी झाली होती. सीटवर कोणी नाई. पलीकडून गेली तं मोनालीचे बाबा खाली बसलेले, कपाळातून रक्त येऊन राह्यलं होतं. बाजूले मोनाली उभी. दोन हात, दोन पाय, सगळं जागच्या जागी. तिले असं आवळलं मी का तीच म्हणे, "आई, दुखते."

"गाडी थांबेना, मंग मातीत घातली," हे म्हणाले.

माह्याच्यानं राहवलं नाई. "मले माईत होतं वो! पायडल बसून राह्यलं होतं. मी सांगतलं नाई तुमाले!" असं म्हणून मी रडाले लागली.

त्याईनं वर पाह्यलं नाई. "मलेबी मऊ लागलं होतं," ते म्हणाले. "गॅरेजातून निंगतानीच. वाटलं, तुले आवाज द्या, अजून एकदा दाबाले लावा. पण..."

"पण काय?"

"मंग पहिले मलेच बोला लागलं असतं."

मोनालीनं माह्या हातातून आपला हात सोडवून घेतला. एकदा माह्याकडे पाह्यलं, एकदा बापाकडे.

"म्हणजे तुमाले दोघाईलेबी माईत होतं?"

मंग ती माह्या मागून आलेल्या त्या ट्रकवाल्याजवळ गेली.

"काका," ती म्हणाली, "मले घरी सोडून देता का?"