वर आलेलं पान

उपासनाने तेच शब्द पुन्हा सर्चमध्ये टाकले आणि पुन्हा जुनंच पान वर आलं.

"अजून तेच?" पलीकडच्या टेबलावरून तिचा मॅनेजर प्रफुल्ल म्हणाला.

"अजून तेच."

अर्विंगच्या त्या ऑफिसात ती डायलिसिस मशीनच्या सॉफ्टवेअरची माहितीपानं लिहायची. गेल्या आठवड्यात ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या एका सेंटरमध्ये टेक्निशियनने जुन्या व्हर्जनचं पान वाचून नव्या व्हर्जनचं मशीन लावलं. जुन्यात अलार्म आपोआप सुरू व्हायचा, नव्यात तो स्वतः सुरू करावा लागतो. पेशंटचं ब्लडप्रेशर उतरत गेलं आणि मशीन गप्प राहिलं. टेक्निशियन शेजारीच उभी होती, म्हणून निभावलं.

"जुनी पानं डिलीटच करून टाक ना, यार," प्रफुल्ल म्हणाला.

"काही सेंटर्स अजून जुन्यावरच चालतात. त्यांनी काय वाचायचं?"

तिने एकेका जुन्या पानाच्या कोडमध्ये ओळ घातली: सर्च इंजिनांनो, खरं पान हे नव्हे, ते नवं. मग वाट पाहण्याशिवाय हातात काही उरलं नाही. सर्च इंजिनं त्यांच्या सवडीने फिरकणार. इंडियन ग्रोसरीच्या रांगेत तिने फोन काढला, सिग्नलला काढला, मीटिंगमध्ये टेबलाखाली काढला. जेवताना नवऱ्याने काय विचारलं तेही तिला कळलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी नवं पान पहिलं आलं. तिने दोनदा तपासलं आणि त्या टेक्निशियनला, प्रीताला, फोन लावला. प्रीता ह्यूस्टनमध्येच जन्मलेली. मराठी जपून बोलायची.

"आता सर्च केलंस तर नवं पानच वर दिसेल."

"थँक यू. पण मला त्या दिवशी दोन्ही दिसली होती."

"दोन्ही?"

"हो. आधी नवीन ओपन केलं. खूप लाँग होतं, अलार्मचं कुठे लिहिलंय ते मिळेना. पेशंट चेअरवर बसलेला. मग जुन्यावर गेले. ते कळतं."

जुनं पान तिच्या आधी हे काम करणाऱ्या दादारावकाकांनी रिटायर होण्याआधी लिहिलेलं. नवं उपासनाचं. तिने ते स्क्रीनवर उघडलं आणि खाली सरकवत गेली. नव्या सोयींचं कौतुक, मग तक्ता, मग आणखी एक तक्ता. अलार्म सापडायला तिलाही वेळ लागला.

"हॅलो? आर यू देअर?"

"आहे. प्रीता, दहा मिनिटं आहेत तुला?"

"आहेत. माझा ब्रेक आहे."

"मी माझं पान वाचते. जिथे कळणार नाही तिथे मला थांबव."

उपासनाने खुर्ची पुढे ओढली आणि वाचायला सुरुवात केली. प्रीताने तिला पहिल्याच वाक्याला थांबवलं.