ऑनरेबलचा प्रतिनिधी

आमचा कॉस्मस आठ वर्षं राज्याच्या विधानसभेत आमदार होता. तिथे तो एकदाच बोलला, एसी कमी करा म्हणून. निवडणुकीत पडून सहा वर्षं झाली, तरी नुसत्या नावाने हाक मारली की याच्या कपाळावर आठी, ‘ऑनरेबल’च म्हणायचं. गावात त्याने एक बोअरवेल मारली. तिच्यावर त्याचं नाव हातभर अक्षरांत आहे, पाण्याचा थेंब नाही. त्याची आई उलोआकू गुडघे जाईपर्यंत ओढ्यावरूनच पाणी आणायची, आणि येताना गावातल्या बाळंतिणींच्या घरी घागर रिकामी करून यायची.

गावात कोणी गेलं की कॉस्मस स्वतः यायचा नाही, प्रतिनिधी पाठवायचा. तो प्रतिनिधी म्हणजे एक चष्मेवाला, उभा राहून पत्र वाचायचा, ‘ऑनरेबल तातडीच्या कामात आहेत.’ माझ्या बापाच्या मयतीलाही तेच पत्र, आणि त्यात नाव भलत्याचंच.

मग उलोआकू गेली. कॉस्मसने मांडव घातला, बँड आणला, गाई कापल्या, सहाशे खुर्च्या मांडल्या. पण आमच्याकडे कबर भाऊबंदच खणतात. भाड्याच्या माणसांनी खणली, तर ती बेवारशाची.

भाऊबंदांतले थोरले ओकेरेके मला म्हणाले, “जा रे, आपणही प्रतिनिधी पाठवू.”

गेलो. रिकाम्या खुर्च्यांपुढे उभं राहून पत्र वाचलं, “भाऊबंद तातडीच्या कामात आहेत.” खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

“थट्टा करतोस? मी कोण आहे माहीत आहे ना?” कॉस्मस ओरडला.

“माहीत आहे, म्हणूनच एकटा आलोय.”

तेव्हा गाडी सोडून हा पायी ओकेरेकेंच्या दारात आला. “काका, आईला असं ताटकळत ठेवू नका हो.”

“आधी तू फावडं धर,” ओकेरेके म्हणाले. “मग आम्ही आहोतच.”

आम्ही सगळे गेलो. कॉस्मस खणू लागला. नवे बूट चिखलात, डोळ्यांत पाणी. माझा राग जरा निवळला, नाही कशाला म्हणू.

तेवढ्यात त्याने मान वर करून चष्मेवाल्याला विचारलं, “नीट आला का रे फोटो? फावड्यासकट घे. पुढच्या वर्षी निवडणूक आहे.”

ऐंशी वर्षांचे ओकेरेके खड्ड्यात उतरले आणि त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

“हो बाजूला,” ते म्हणाले. “आई आमची आहे.”