उघडे राहिलेले आटे

हाडात टायटॅनियमचा स्क्रू रुजवून त्यावर दात बसवायची विद्या आमच्या स्वीडनमधल्या गोथेनबर्गची. त्यामुळे इथल्या दंतवैद्यांना जरा शिंगं फुटलेली असतात. मला तर चांगलीच फुटली होती.

माझा पेशंट हिल्डिंग गोदीतला निवृत्त वेल्डर. त्याचे खालचे पुढचे दात गेले होते आणि तिथलं हाड अगदी चिंचोळं, जेमतेम चार मिलिमीटर. अशा वेळी स्क्रूभोवती हाडाचा चुरा भरतात, हे शिकाऊ विद्यार्थीही सांगेल. मी म्हटलं, बसेल तसाच. बसलाही, पण ओठाच्या बाजूचे तीन आटे हाडाबाहेर उघडे राहिले. मला ते स्वच्छ दिसले. मी त्यावर हिरडी ओढली आणि टाके घातले.

चार महिन्यांत हाडानं स्क्रू घट्ट धरायला हवा होता. तो बोट लावताच हलला.

"स्नूस ठेवता ना अजून?" मी विचारलं.

"ठेवतो की. पन्नास वर्षं झाली."

"मग काय होणार दुसरं?"

खरं तर ही तंबाखूची पुडी आमच्याकडे वरच्या ओठाखाली ठेवतात आणि माझा स्क्रू होता खालच्या जबड्यात. पण डॉक्टर बोलली म्हणजे झालं. हिल्डिंगनं मान खाली घातली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

सैल झालेला स्क्रू मी काढून टाकला. हाड भरून आल्यावर, पुन्हा चार महिन्यांनी, तो नवा बसवून घ्यायला आला. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "इल्वा, स्नूस सोडला बघ. पहिले पंधरा दिवस भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. तुझी मेहनत मी वाया घालवली. माफ कर गं."

सत्तरीचा माणूस माझी माफी मागत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"स्नूसनं नाही झालं ते," मी म्हटलं. "माझ्यामुळे झालं. हाड अरुंद होतं, स्क्रू उघडा राहिला होता. मी चुरा भरला नाही."

"कळलं कधी तुला?"

"त्याच दिवशी. टाके घालायच्या आधी."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं गळ्यातला कागदी रुमाल स्वतःच सोडला.

"माय-ब्रिट बाहेर बसलीय. तिला सांग. मी सांगितलं तर तिला पटायचं नाही."

बाहेर आणखी चार पेशंट होते. मी मास्क काढला आणि त्याच्या बायकोला सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. माय-ब्रिटनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हिल्डिंग," ती म्हणाली, "चार महिने मी तुला येता-जाता टोचून खाल्लं रे. पोरींसमोरही बोलले, स्वतःच्या दातांची वाट लावली म्हणून. आणि तू एक शब्द उलटून बोलला नाहीस."

"मला तरी कुठं माहीत होतं?" तो म्हणाला. तिचे डोळे भरून आले. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

मी तिथंच उभी होते. माझ्या करणीची माफी ती नवऱ्याकडे मागत होती.

कोट चढवल्यावर हिल्डिंग माझ्याकडे वळला.

"दुसऱ्या एखाद्या डॉक्टरचं नाव दे," तो म्हणाला. "चुकलं तर त्याच दिवशी सांगेल असा."

मी कागद घेतला आणि तसं एक तरी नाव बराच वेळ आठवत राहिले.