थ्रेल यांची टोपी आणि शेवटचा हळू सूर

मी एक जुनी काळी टोपी आहे. मित्रांनो, सध्या माझ्यात कांदे आहेत, पण सुरुवात अशी नव्हती.

इंग्लंडातल्या स्टॉकपोर्टच्या टोप्यांच्या कारखान्यात सशाच्या केसांपासून माझा जन्म झाला. सशाला कुणी विचारलं नव्हतं. लिओनेल थ्रेल यांनी मला घेतलं, तेव्हा ते समुद्रकाठच्या थिएटरात पियानो वाजवत. पुढे लंडनला आले आणि वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चालींना वाद्यवृंदाचे कपडे शिवत राहिले. नाव चालवाल्यांचं, शिलाई यांची.

अखेर रेडिओने त्यांची स्वतःची रचना घेतली. थेट प्रक्षेपण, चहाच्या वेळी. रेडिओच्या अधिकारी मिस कॉर्बेट यांनी बजावलं, "शेवट हळू हवा, मिस्टर थ्रेल. कुणाच्या बशीत चहा सांडला, तर तुम्ही परत समुद्रकाठी."

शेवटी ट्रॉम्बोन या पितळी वाद्याचा एकच लांब सूर होता, तोंडावर पत्र्याचं झाकण धरून दबका केलेला. तालमीनंतर ट्रॉम्बोनवाले डगडेल त्याच झाकणावर बसले.

"सपाट झालं," ते म्हणाले.

"दिसतंय. आता काय, तळहात धरणार?"

"तुमची टोपी द्या की. लष्करी बँडात आम्ही टोपीच धरायचो."

लाल दिवा लागला. वाद्यवृंदापुढे थ्रेल यांनी छडी उचलली. शेवट आला तसं डगडेल यांनी मला ट्रॉम्बोनच्या तोंडावर धरलं; माझ्या पोटात गरम वारा.

आता, थ्रेल यांनी गंमत म्हणून शेवटी व्हायोलिनमध्ये राष्ट्रगीताची पहिली ओळ हळूच गुंफली होती. तालमीत काही बिघडलं नाही, कारण तालमीत टोपी नव्हती. राष्ट्रगीताला टोपी उतरवायची, हे डगडेल यांच्या हाडात मुरलेलं. ओळ कानावर पडताच त्यांनी मला अदबीने उतरवून छातीशी धरलं.

उघडा ट्रॉम्बोन बोंबलला.

दिवा विझला. काचेपलीकडे मिस कॉर्बेट फोनवर बोलत होत्या. मग बाहेर आल्या. त्यांच्या बाहीवर चहा होता.

"लोक विचारतायत, पुन्हा कधी लागणार. ते मुद्दाम होतं?"

थ्रेल यांनी मला डोक्यावर चढवलं. "अर्थात."

"मग पुढच्या आठवड्यातही तसंच."

नंतर थ्रेल यांचं खूप नाव झालं. त्यांनी कितीतरी नाजूक रचना केल्या, पण लोकांना ती बोंबच हवी असे. ते गेल्यावर मी त्यांच्या भाचीच्या स्वयंपाकघरात आले.

मित्रांनो, जुन्या टोपीत कांदे जरूर ठेवा. पण आधी तिला एकदा कानाला लावा. तो हळू सूर अजून माझ्यातच आहे. त्याला बाहेर पडायला कधी मिळालंच नाही.